टेक्स्ट डायरेक्शन आणि अलाइनमेंट म्हणजे काय? फोनमधलं लेआउट इंजिन ओळ कशी मांडतं?

खिशातली कुठलीही नोट काढा आणि तिची मागची बाजू बघा. तिथं भाषांची एक उभी पट्टी दिसेल. त्या पट्टीत नोटेची किंमत १५ भाषांत लिहिलेली असते. वरून पाचवी ओळ काश्मिरीची आणि सगळ्यात शेवटची उर्दूची. या दोन ओळी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, बाकीच्या तेरा डावीकडून उजवीकडे. नोटेवर हे प्रकरण सोपं आहे, कारण तिथं प्रत्येक भाषेला तिची वेगळी ओळ मिळाली आहे. फोनवर मात्र उर्दू, मराठी, इंग्रजी आणि आकडे एकाच मेसेजमध्ये, एकाच ओळीत येतात. मग कोणता शब्द कुठं ठेवायचा, हे ठरवतं कोण?

हे ठरवतं लेआउट इंजिन. ते हे काम कसं करतं, ते आज आपण सोप्या भाषेत समजून घेऊ. लेखातला मुख्य मुद्दा मी आधीच सांगून ठेवतो. मजकुराची दिशा म्हणजेच डायरेक्शन आणि मजकुराची अलाइनमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली तर ओळ नुसती वाकडी दिसते असं नाही. वाक्याचा अर्थ, फोन नंबर, तारीख, अगदी फाइलचं नावसुद्धा बदलून दिसू शकतं.

लेआउट इंजिन म्हणजे काय?

तुम्ही टाइप केलेला मजकूर फोनमध्ये अक्षरांची एक लांबलचक रांग म्हणून साठवला जातो. त्या रांगेत ओळी नसतात आणि डावी-उजवी बाजूही नसते. या रांगेच्या ओळी करणं, प्रत्येक अक्षर कोणत्या फॉन्टमधून घ्यायचं ते ठरवणं आणि शेवटी ते स्क्रीनवर नेमक्या जागी बसवणं, ही कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला लेआउट इंजिन म्हणतात. ब्राउझरमध्ये असं इंजिन असतं, वर्डसारख्या ॲपमध्ये असतं आणि अँड्रॉइड किंवा आयओएसच्या आतही असतं.

दिशा भाषेची की लिपीची?

आपण सहज म्हणतो, "उर्दू उलटीकडून लिहितात." पण खरं तर दिशा लिपीला असते, भाषेला नाही. याचं जवळचं उदाहरण म्हणजे सिंधी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची मोठी वस्ती आपल्या उल्हासनगरला आहे. सिंधी भाषा भारतात देवनागरीतही लिहितात आणि अरबी वळणाच्या लिपीतही. एकच वाक्य देवनागरीत लिहिलं तर डावीकडून सुरू होतं, दुसऱ्या लिपीत लिहिलं तर उजवीकडून. म्हणून "भाषा सिंधी" एवढ्या माहितीवर इंजिनला दिशा ठरवता येत नाही. त्याला लिपी बघावी लागते.

दोन दिशांचा मजकूर एकत्र छापणं मराठीलाही नवं नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हग्गादा या धार्मिक पुस्तकात हिब्रू मजकूर आणि त्याचं मराठी भाषांतर दोन्ही आहेत. तेव्हा हे सगळं माणसाच्या नजरेनं आणि हातानं जमवायचं होतं. आज तेच काम फोनला तुमच्या प्रत्येक मेसेजसाठी आपोआप करावं लागतं.

साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम

पुढं जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. फोनमध्ये अक्षरं ज्या क्रमानं साठवली जातात, त्याच क्रमानं ती स्क्रीनवर दिसतील असं नाही.

हे आपल्याला मराठीत रोज दिसतं, पण लक्षात येत नाही. "किती" हा शब्द टाइप करा. तुम्ही आधी "क" दाबता, मग ऱ्हस्व वेलांटी. साठवतानाही आधी "क" आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. स्क्रीनवर मात्र वेलांटी "क" च्या डावीकडे जाऊन बसते. बोलण्याचा क्रम जपून ठेवायचा आणि दाखवताना जागा बदलायची, हेच ते तत्त्व.

उर्दू, अरबी, हिब्रूसाठीही हेच होतं. पहिलं उच्चारलेलं अक्षर आधी साठवलं जातं, दुसरं त्यानंतर. उजवीकडून डावीकडे मांडायचं काम फक्त दाखवण्याच्या वेळी होतं. म्हणूनच सर्च, कॉपी-पेस्ट आणि वाचून दाखवणारी ॲप या लिप्यांतही नीट चालतात.

प्रत्येक अक्षराला एक वर्ग असतो

दोन दिशांचा मजकूर एकत्र आला की काय करायचं, याचे नियम युनिकोडनं ठरवून दिले आहेत. त्यांना युनिकोड बायडायरेक्शनल अल्गोरिदम, थोडक्यात बायडी म्हणतात. त्यात प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. मोटामोटी तीन गट लक्षात ठेवा.

पक्की अक्षरं: यांना स्वतःची ठाम दिशा असते. देवनागरी आणि रोमन अक्षरं डावीकडून उजवीकडे जाणारी. अरबी, उर्दू, हिब्रू अक्षरं उजवीकडून डावीकडे जाणारी.

कच्ची चिन्हं: इंग्रजी अंक, अरबी अंक, अधिक-उणे, स्वल्पविराम वगैरे. अंक आपापसात डावीकडून उजवीकडेच राहतात, पण तो आकडा ओळीत कुठं जाऊन बसणार, हे शेजाऱ्यांवर अवलंबून असतं.

तटस्थ चिन्हं: मोकळी जागा, कंस, प्रश्नचिन्ह. यांना स्वतःची दिशा नसते. दोन्ही बाजूंचे शेजारी एकाच दिशेचे असतील तर हीही त्या दिशेला जातात. शेजारी वेगवेगळे असतील तर परिच्छेदाची दिशा घेतात.

यात एक मजेदार गोष्ट आहे. देवनागरी अंक १, २, ३ कच्च्या गटात नाहीत. युनिकोडनं त्यांना अक्षरांसारखंच पक्कं ठरवलंय. याचा परिणाम काय होतो ते पुढं बघू.

परिच्छेदाची मूळ दिशा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्येक परिच्छेदाला एक मूळ दिशा असते. ही दिशा ओळीतल्या तुकड्यांचा क्रम ठरवते.

उदाहरण घेऊ. उर्दू शब्दांच्या जागी मी उ१, उ२, उ३ असं लिहितो. समजा मजकूर या क्रमानं साठवला आहे:

उ१ उ२ पुणे स्टेशन उ३

परिच्छेदाची मूळ दिशा उजवीकडून डावीकडे असेल, तर स्क्रीनवर डाव्या कडेपासून असं दिसेल:

उ३ पुणे स्टेशन उ२ उ१

उर्दू वाचणारा उजव्या कडेपासून सुरुवात करतो. उ१, उ२, मग "पुणे स्टेशन", मग उ३. वाक्य बरोबर लागलं.

पण मूळ दिशा चुकून डावीकडून उजवीकडे ठेवली, तर तोच मजकूर असा दिसेल:

उ२ उ१ पुणे स्टेशन उ३

आता उजव्या कडेला उ३ आला, म्हणजे वाक्याचा शेवट सुरुवातीला गेला. एकही अक्षर बदललेलं नाही, तरी वाक्य मोडलं.

इथंच अनेक ॲप फसतात. उर्दू मजकूर उजवीकडे चिकटलेला दिसायला हवा, म्हणून ते फक्त अलाइनमेंट "राइट" करतात. मग ही मोडलेली ओळच उजव्या कडेला सरकते. ती मोडलेलीच राहते, फक्त जागा बदलते. ओळ उजवीकडे ढकलली म्हणजे तिची दिशा बदलली असं होत नाही.

मूळ दिशा ठरवतात कशी? एक मार्ग म्हणजे ती स्पष्ट सांगणं. दुसरा मार्ग म्हणजे अंदाज. परिच्छेदातलं पहिलं पक्कं अक्षर शोधायचं आणि त्याची दिशा सगळ्या परिच्छेदाला द्यायची. बहुतेक वेळा हा अंदाज चालतो. पण उर्दू मेसेजची सुरुवात एखाद्या इंग्रजी ब्रँडच्या नावानं किंवा "पुणे" या मराठी शब्दानं झाली, की सगळा परिच्छेद डावीकडून उजवीकडे धरला जातो. म्हणून चांगलं इंजिन अंदाजही करतं आणि लिहिणाऱ्याला तो बदलण्याची सोयही देतं.

आतला हिशोब कसा चालतो?

बायडीमध्ये प्रत्येक अक्षराला एक पातळी मिळते. सम पातळी म्हणजे डावीकडून उजवीकडे, विषम म्हणजे उजवीकडून डावीकडे. वरच्या बरोबर लागलेल्या उदाहरणात उर्दू शब्द पातळी १ वर आणि "पुणे स्टेशन" पातळी २ वर. मग सगळ्यात वरच्या पातळीपासून खाली येत तुकडे उलटे करायचे. आधी पातळी २ चा तुकडा उलटा, मग पातळी १ आणि त्यावरचं सगळं मिळून उलटं. "पुणे स्टेशन" दोनदा उलटं झालं, म्हणजे पुन्हा सुलटं. उर्दू एकदाच उलटलं. झालं काम!

अलाइनमेंट म्हणजे उरलेल्या जागेचा हिशोब

दिशा ठरली, ओळ तयार झाली. आता अलाइनमेंटची पाळी. हा भाग अगदी शाळेतल्या गणितासारखा आहे.

समजा ओळीसाठी जागा ३६० एकक आहे आणि ओळीची लांबी भरली २८०. उरले ८०. हे ८० कुठं ठेवायचे, एवढंच अलाइनमेंट ठरवते.

सुरुवातीला चिकटवायचं असेल तर मराठी परिच्छेदात सगळे ८० उजवीकडे राहतील, उर्दू परिच्छेदात सगळे ८० डावीकडे.

शेवटाला चिकटवायचं असेल तर बरोबर याच्या उलट.

मध्यभागी हवं असेल तर दोन्ही बाजूंना ४०-४०.

जस्टिफाय हवं असेल आणि शब्दांमध्ये ५ मोकळ्या जागा असतील, तर प्रत्येक जागा १६ नं वाढेल. परिच्छेदाची शेवटची ओळ सहसा ताणत नाहीत, ती सुरुवातीच्या कडेला ठेवतात.

बघा, अलाइनमेंट अक्षरांच्या क्रमाला हातही लावत नाही. क्रम दिशा ठरवते, जागा अलाइनमेंट ठरवते.

"डावं" म्हणायचं की "सुरुवात"?

वरच्या हिशोबात मी "सुरुवात" आणि "शेवट" हे शब्द मुद्दाम वापरले. इंजिन बनवणाऱ्यानं सेटिंग "लेफ्ट" म्हणून साठवलं, तर मराठीत ते ठीक दिसतं, पण तोच साचा उर्दूत नेला की चुकतो. "स्टार्ट" म्हणून साठवलं, तर मराठीत त्याचा अर्थ डावं आणि उर्दूत उजवं, आपोआप.

वेबपेजची रचना सांगणाऱ्या सीएसएसमध्ये आता मूळ अलाइनमेंट "स्टार्ट" हीच आहे. अँड्रॉइडमध्ये २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून ॲप बनवणाऱ्यांना लेफ्ट-राइटच्या जागी स्टार्ट-एंड वापरता येतं.

वर्डच्या फाइलची गोष्ट तर फारच बोलकी आहे. २००६ मध्ये तिचं जे प्रमाण आलं, त्यात अलाइनमेंटची नावं "लेफ्ट" आणि "राइट" होती. पण परिच्छेद उजवीकडून डावीकडे असेल, तर वर्ड "लेफ्ट" चा अर्थ उजवी कड असा घेतं! म्हणजे नाव डाव्याचं आणि अर्थ सुरुवातीचा. आयएसओच्या प्रमाणातल्या स्ट्रिक्ट प्रकारात ही नावं "स्टार्ट" आणि "एंड" अशी झाली.

मग लेफ्ट-राइट पूर्ण काढून टाकायचं का? नाही. कधी कधी खरोखर डावी कडच हवी असते, उदाहरणार्थ फोटोच्या डाव्या बाजूची ओळ. म्हणून चांगल्या इंजिनमध्ये दोन्ही प्रकार असतात, पण न सांगता मिळणारी अलाइनमेंट "सुरुवात" असते. आणि "सुरुवात" चा डावं-उजवं असा अर्थ शेवटच्या क्षणी लावला जातो, साठवताना नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा

इंजिन साधारण या क्रमानं चालतं:

१. मजकुराचे परिच्छेद करायचे आणि प्रत्येकाची मूळ दिशा ठरवायची.
२. बायडीनं पातळ्या काढायच्या.
३. लिपी, फॉन्ट आणि पातळी बदलेल तिथं तुकडे करायचे.
४. प्रत्येक तुकड्याचे आकार फॉन्टमधून घ्यायचे. मराठीची जोडाक्षरं आणि वेलांट्या इथंच बसतात.
५. ओळी तोडायच्या, पण साठवण्याच्या क्रमात.
६. प्रत्येक ओळीत तुकडे दिसण्याच्या क्रमानं लावायचे.
७. उरलेली जागा मोजून अलाइनमेंट करायची.

पाचवी आणि सहावी पायरी अदलाबदल केली तर? आधी सगळा परिच्छेद उलटा केला आणि मग ओळी तोडल्या, तर वाक्याची सुरुवात खालच्या ओळीत आणि शेवट वरच्या ओळीत जाईल. म्हणून आधी तोडायचं, मग उलटायचं.

नंबर आणि तारखेचा घोटाळा

आता याचा तुमच्याशी थेट संबंध कुठं येतो ते बघा. लेखात आकडे देवनागरीत छापलेत, पण पुढच्या उदाहरणांत ते इंग्रजी अंकांत टाइप केलेत असं समजा.

उर्दू मेसेजमध्ये कोणी फोन नंबर लिहिला: १२३४५ ६७८९०, मधे एक जागा सोडून. दोन गट म्हणजे दोन वेगळे आकडे. मधली मोकळी जागा तटस्थ, ती उर्दूची दिशा घेते. परिणामी स्क्रीनवर डावीकडून दिसतं ६७८९० १२३४५. उर्दू वाचणाऱ्याला काही अडचण नाही, तो उजवा गट आधी वाचतो. मराठी वाचणारा डावीकडून वहीत उतरवून घेतो आणि नंबर चुकतो. नंबरच्या आधी अधिकचं चिन्ह असेल, तर ते आकड्यांच्या उजवीकडे जाऊन बसतं.

तारखेचं आणखी अवघड. ०५-०६-२४ ही तारीख उर्दू मजकुरात २४-०६-०५ अशी दिसते. ५ जून २०२४ चं डावीकडून वाचताना २४ जून २००५ झालं! हीच तारीख तिरक्या रेघांनी ०५/०६/२४ लिहिली, तर क्रम टिकतो. कारण बायडीच्या नियमात तिरकी रेघ आणि आडवी रेघ वेगवेगळ्या वर्गात आहेत.

आणि हेच आकडे देवनागरी अंकांत टाइप केले तर? ते पक्क्या गटातले असल्यामुळे मधली जागा किंवा रेघ त्यांचीच दिशा घेते. नंबर आणि तारीख दोन्ही शाबूत!

ॲपच्या स्वतःच्या वाक्यातही असा गोंधळ होतो. उर्दू नाव, त्यापुढं इंग्रजी अंकातला ५ आणि "फोटो" हा शब्द आला, की ५ नावाच्या डावीकडे उडी मारतो. यावर उपाय म्हणून युनिकोडच्या ६.३ आवृत्तीत, २०१३ साली, आयसोलेट नावाची अदृश्य चिन्हं आली. नाव त्यात गुंडाळलं की त्याचा आजूबाजूच्या आकड्यांवर परिणाम होत नाही.

फसवणुकीसाठीही वापर

युनिकोडमध्ये राइट-टू-लेफ्ट ओव्हरराइड नावाचं एक अदृश्य चिन्ह आहे. त्याच्यापुढचं सगळं, अगदी रोमन अक्षरंसुद्धा, उलट्या क्रमानं दिसतात. समजा फाइलच्या नावात हे चिन्ह घालून पुढं रोमन लिपीत "जी पी जे . ए पी के" लिहिलं. दिसताना ते "के पी ए . जे पी जी" असं दिसेल. बघणाऱ्याला वाटेल फोटो आहे, पण फाइल खरी ॲप इन्स्टॉल करणारी.

ही नुसती कल्पना नाही. टेलिग्रामच्या विंडोज ॲपमध्ये अशाच युक्तीनं प्रोग्रॅमच्या फाइल फोटो म्हणून पाठवल्या जात असल्याचं कॅस्परस्की कंपनीनं फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड केलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवलं, की दिशेची अदृश्य चिन्हं प्रोग्रॅमच्या कोडमध्ये घातली तर माणसाला एक कोड दिसतो आणि कॉम्प्युटर दुसराच वाचतो. या प्रकाराला त्यांनी ट्रोजन सोर्स असं नाव दिलं.

स्वतः करून बघा

हे प्रयोग मी माझ्या फोनवर करून बघितले आहेत. उर्दू येत नसलं तरी चालेल.

पहिला प्रयोग: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये उर्दू जोडा. नोट्समध्ये दोन-तीन उर्दू अक्षरं दाबा, एक जागा सोडा आणि इंग्रजी कीबोर्डवरून दोन गटांत एखादा नंबर टाइप करा. गटांची अदलाबदल डोळ्यांसमोर होईल. मग तोच नंबर देवनागरी अंकांत टाइप करून फरक बघा.

दुसरा प्रयोग: अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "फोर्स आरटीएल लेआउट डायरेक्शन" हे सेटिंग चालू करा. सगळे मेनू आरशात बघितल्यासारखे होतील. स्टार्ट-एंड वापरून नीट बनवलेली ॲप सहज उलटतात, लेफ्ट-राइट वापरून बनवलेली तिथल्या तिथं उघडी पडतात. बघून झालं की सेटिंग बंद करायला विसरू नका.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

उर्दू किंवा अरबी मेसेजमधला नंबर बघून उतरवू नका, कॉपी करा. साठवलेला क्रम बरोबरच असतो, फक्त दिसण्याचा बदलतो.

अशा मेसेजमध्ये नंबर स्वतः लिहिताना मधे जागा सोडू नका आणि तारखेत महिन्याचं नाव अक्षरात लिहा.

अनोळखी फाइल तिच्या नावावरून उघडू नका. फाइलची माहिती उघडून तिचा प्रकार तपासा.

तुम्ही ॲप किंवा वेबसाइट बनवत असाल, तर परिच्छेदाची दिशा आणि अलाइनमेंट दोन वेगळ्या जागी साठवा. अलाइनमेंट "सुरुवात" ठेवा आणि युजरनं लिहिलेलं नाव आयसोलेटमध्ये गुंडाळा. तुमचं ॲप आज फक्त मराठीत असलं, तरी ते वापरणाऱ्या मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मुलीचं नाव उर्दूत असू शकतं. तिच्या नावाशेजारचा आकडा योग्य जागी दिसला पाहिजे.